भोसरीतले खरे चौदा महिने, की विकत घेतलेली तीन वर्षं?

आधी प्रश्न सांगते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा सांगली जिल्ह्यातला, २०२२ ला मेकॅनिकल इंजिनियर झालेला. भोसरी एमआयडीसीत कंत्राटदाराच्या पे-रोलवर क्वालिटी विभागात १४ महिने काम केलं, ते सोडून पुण्यात जावा फुल स्टॅकचा (म्हणजे वेबसाइट-ॲपचं पुढचं-मागचं सगळं प्रोग्रॅमिंग शिकवणारा) क्लास लावला. आठ महिने झाले, अर्ज टाकतोय आणि 'किमान दोन वर्षं अनुभव' या एका ओळीवर अडतोय. आता क्लासवालेच म्हणताहेत, ८० हजार द्या, तीन वर्षांचा अनुभव 'बसवून' देतो : ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, रिलीव्हिंग लेटर, शिवाय चौकशीचा फोन आला तर उचलणारा माणूस. ३० हजार आत्ता, बाकीचे नोकरी लागल्यावर. रूममेटनं दोन वर्षांपूर्वी हेच केलं आणि तो आज हिंजवडीत साडेसात लाखांवर आहे. वडील सोसायटीचं कर्ज काढायला तयार आहेत. 'करू की नको? आणि केलं तर पकडला जाईन का?'

तू माझ्या भाच्याच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते. मी १९ वर्षं आयटीत आहे. पहिली काही वर्षं टेस्टिंग केलं, नंतर मुलाखतीच्या पॅनलवर बसायला लागले, आणि गेली सहा वर्षं उमेदवारांनी दिलेल्या अनुभवाची पडताळणी करणाऱ्या टीमचं काम बघते. तू जो कागद विकत घ्यायला निघाला आहेस, तसे कागद रोज माझ्या टेबलावर येतात.

पकडला जाशील का, याचं प्रामाणिक उत्तर 'कदाचित नाही' असंच आहे. सगळे पकडले जात नाहीत, तुझा रूममेट त्याचंच उदाहरण आहे. कंपनी केवढी, पडताळणी स्वतः करते की बाहेरच्या एजन्सीकडून, क्लायंट कोण, त्या महिन्यात भरतीची घाई किती, यावर बरंच अवलंबून असतं. पण तुझी खरी अडचण वेगळीच आहे असं मला तुझ्या प्रश्नावरून दिसतं. तू स्वतःचा अनुभव शून्य धरला आहेस. भोसरीचे १४ महिने तू एका ओळीत उरकलेस, आणि ते लपवायचे हे गृहीतच धरलंस. तुझ्या बाबतीत नेमके तेच लपत नाहीत.

भोसरीत तुझा पीएफ कापला जायचा असं तू लिहिलं आहेस. म्हणजे तुझा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) आहे, तो आधारला जोडलेला आहे, आणि त्यात त्या कंत्राटदाराचं नाव, तू लागल्याची तारीख आणि १४ महिन्यांची वर्गणी बसलेली आहे. क्लासवाले तुला जी तीन वर्षं देणार, ती याच काळावरून जाणार. कागदावर तू बाणेरच्या कुठल्यातरी कंपनीत जावा डेव्हलपर, आणि पीएफच्या खात्यात त्याच महिन्यांत भोसरीत क्वालिटी ट्रेनी. ही विसंगती शोधायला कुणी गुप्तहेर लागत नाही. नोकरी देताना बहुतेक कंपन्या यूएएनची सर्व्हिस हिस्टरी मागतात, आणि ती उघडली की पहिल्या पानावरच सगळं दिसतं.

'नवीन यूएएन काढून देतो' किंवा 'मागच्या तारखेचा पीएफ भरून देतो' असंही ते सांगतील. आधार एकच आहे, त्यामुळे पहिली गोष्ट टिकत नाही. दुसरी मी स्वतः पाहिली आहे. एका उमेदवाराचं पीएफ पासबुक आलं होतं, वरवर नीटनेटकं, २२ महिन्यांची वर्गणी. पासबुकात प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात : वर्गणी कुठल्या महिन्याची, आणि ती जमा कुठल्या दिवशी झाली. त्या मुलाचे २२ महिने दोनच दिवसांत जमा झालेले होते. माझ्या टीममधल्या जेमतेम वर्षभर काम केलेल्या मुलीनं ते दोन मिनिटांत दाखवलं.

मग ते म्हणतील, 'छोटी कंपनी दाखवू, पीएफच नव्हता म्हणू.' हे ऐकायला पटतं, कारण २० पेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ बंधनकारक नाही आणि अशा खऱ्या कंपन्या पुण्यात पुष्कळ आहेत. टीडीएसही (पगारातून कापलेला आयकर) दिसत नाही, कारण चार-पाच लाखांच्या पगारावर रिबेटमुळे करच लागत नाही. एजन्सीवाल्यांना हे माहीत असतं. म्हणून पीएफ नाही, टीडीएस नाही अशी केस आली की ते बँक स्टेटमेंट आणि स्लिपा जास्त बारकाईनं बघतात. स्टेटमेंटमध्ये सात तारखेला पगार येतो आणि आठ तारखेला जवळजवळ तेवढीच रक्कम यूपीआयनं तिसऱ्याच माणसाकडे जाते, महिन्यामागून महिना. खऱ्या पगारातून रूमचं भाडं जातं, मेसचे पैसे जातात, घरी पाच हजार जातात, रिचार्ज होतो. पोरगं पुण्यात राहतंय हे खरं स्टेटमेंट बघूनच कळतं.

स्लिपांचंही तसंच. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार दहा हजारांच्या वर असला की व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापतात, पण फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. पे-रोल चालवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. विकतच्या स्लिपांत फेब्रुवारीलाही २०० असतात, आणि कधी कधी कामाचे दिवससुद्धा ३१. एकच स्लिप तीस वेळा छापून फक्त महिना बदललेला असतो.

एकदा पत्त्यावर मी स्वतः गेले होते. लेटरहेडवर 'कॉर्पोरेट ऑफिस' लिहिलेलं, पत्ता धनकवडीतला. पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट निघाला. दारात एक आजी मटार सोलत बसल्या होत्या. कंपनीचं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, 'पोरं येतात कधीमधी कागद न्यायला. माझा नातू खालच्या दुकानात देऊन ठेवतो.' त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पाणी पिऊन मी परत आले आणि त्या दिवशी अकरा उमेदवारांच्या रिपोर्टवर लाल शेरा मारला. अकराही जणांची पत्रं त्याच पत्त्यावरची होती. यात महत्त्वाचं काय, तर तुझी लबाडी एकट्याची नसते. ज्या दुकानातून तू कागद घेतोस, तिथून आणखी शंभर जणांनी घेतलेला असतो. त्यातला एक सापडला की कंपनीचं नाव यादीत जातं, मग जुन्या फायलीही निघतात. २०२२ च्या नोव्हेंबरात ॲक्सेंचरनं जाहीर केलं होतं की भारतात काही जणांनी अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची अनुभवपत्रं देऊन नोकऱ्या मिळवल्याचं आढळलं आणि अशा लोकांना काढलं. ते लोक तोवर नोकरी करत होते, म्हणजे पहिली चाळणी पार करून आत आलेले होते.

आता मुलाखतीबद्दल, कारण क्लासवाले 'मुलाखतीची तयारी आम्ही करून घेतो' म्हणतात आणि खरोखर घेतात. तीन वर्षं अनुभव लिहिलेला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. स्प्रिंगच्या (जावाच्या तयार चौकटीच्या) ॲनोटेशन धडाधड सांगितल्या, मायक्रोसर्व्हिसची आकृती काढून दाखवली. मी विचारलं, 'तुझ्यामुळे प्रॉडक्शनला गेलेला एखादा बग सांग', म्हणजे वापरणाऱ्यांपर्यंत पोचलेली एखादी चूक. तो थांबला. हातातलं पेन दोनदा उघडलं-मिटलं. म्हणाला, 'माझ्याकडून बग गेलाच नाही, मॅडम.' तीन वर्षं खरं काम केलेला माणूस या प्रश्नावर आधी डोक्याला हात लावतो आणि मग दहा मिनिटं बोलतो : शुक्रवारी संध्याकाळी रिलीज कसा केला, रात्री अकराला फोन कसा आला, कुणी सांभाळून घेतलं. वाईट याचं वाटलं की मुलगा हुशार होता. फ्रेशर म्हणून आला असता तर मी त्याला पुढच्या फेरीला पाठवलं असतं. पण रेझ्युमेच खोटा असल्यावर त्या जागेसाठीही त्याचा विचार करता आला नाही.

आणि समजा मुलाखत निभावली, तर सोमवारी कामावर तुझ्याकडून तीन वर्षं अनुभवाचं काम अपेक्षित असतं. रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून, मित्राला फोन लावून काम पुरं करणारी मुलं मी पाहिली आहेत. काही जण त्यातून खरंच शिकतात, हे नाकारणार नाही.

अशाच एका मुलाची गोष्ट तुझ्या रूममेटनं ऐकावी असं मला फार वाटतं. खोट्या दोन वर्षांवर लागला, जिवाचं रान करून शिकला, १६ महिन्यांत टीमचा भरवशाचा माणूस झाला. मग त्याला एका बँकेच्या प्रोजेक्टवर टाकायचं ठरलं. बँकांसारखे क्लायंट बऱ्याचदा प्रोजेक्टवर घेण्याआधी नव्यानं पडताळणी मागतात. त्यात जुनी कंपनी बोगस निघाली. दुपारी तीनला एचआरनं बोलावलं, साडेचारला लॅपटॉप आणि आयडी कार्ड जमा. नोटीस पीरियड नाही, रिलीव्हिंग लेटर नाही. त्याच्या मॅनेजरनं रदबदली केली, उपयोग झाला नाही. आता त्याच्याकडे १६ महिन्यांचा खराखुरा अनुभव आहे आणि तो दाखवता येत नाही. यूएएनमध्ये त्या कंपनीची नोंद आहे, पुढची कंपनी तिथे विचारणारच, आणि तिथून उत्तर काय जाईल हे त्याला माहीत आहे. विकत घेतलेल्या दोन वर्षांनी त्याचे कमावलेले सोळा महिने खाल्ले.

मला तुला थांबवायचं आहे ते मुख्यतः यासाठी. हे ८० हजार एकदा देऊन संपत नाहीत. दर वेळी नोकरी बदलताना, नवा क्लायंट आला की, परदेशाचं निघालं की ती तीन वर्षं पुन्हा दाखवावी लागतात. रेझ्युमेतून काढली तर 'मागच्या वेळी तर होती' असं होतं, ठेवली तर पुन्हा तपासणी. कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी खोटेपणा केल्याचं ठरलं तर कायमची अपात्रता येऊ शकते.

कायद्याचंही एकदा सांगून ठेवते, भीती घालायला नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात फसवणूक कलम ३१८ मध्ये, बनावट दस्तऐवज ३३६ मध्ये आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं ३४० मध्ये येतं. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज केला तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक कंपन्या उमेदवाराविरुद्ध पोलिसांत जात नाहीत, काढून टाकून मोकळ्या होतात. पण जायचं की नाही हे त्यांच्या हातात राहतं, तुझ्या नाही.

तुझ्यावर रागावले आहे असं समजू नकोस. राग आहे तो दुसऱ्यांवर. फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास गेली दहा-बारा वर्षं जवळपास तिथंच आहे. २०२२ च्या कित्येक मुलांना तर ऑफर लेटर हातात असून दोन-दोन वर्षं जॉइनिंग मिळालं नाही. एखाद्या कामाला सहा महिने शिकलेला मुलगा पुरतो, तिथेही जाहिरातीत 'दोन ते चार वर्षं' लिहितात, कारण अर्ज कमी येतात आणि एचआरचं काम हलकं होतं. काही मनुष्यबळ पुरवणारे व्हेंडर तर उमेदवाराला न विचारता त्याच्या रेझ्युमेत वर्षं वाढवून क्लायंटकडे पाठवतात, कारण चार वर्षांच्या माणसाचा दर जास्त मिळतो. (हे तुझ्या बाबतीत कधी झालं तर लगेच ईमेलवर लेखी हरकत घे. सापडलं की व्हेंडर हात वर करतो आणि नाव तुझं खराब होतं.) आणि क्लासवाले. शेतकऱ्याच्या घरातून ८० हजार काढणाऱ्या या लोकांचं पकडले गेल्यावर काही बिघडत नाही. ते नव्या नावानं नवी कंपनी उघडतात.

त्यांनी तुझी मूळ गुणपत्रकं आणि दोन कोरे चेक मागितले असं तू लिहिलंस. ते अजिबात देऊ नकोस. दिले असशील तर आधी कागद परत माग, आणि चेक परत मिळेपर्यंत बँकेत 'स्टॉप पेमेंट' करता येईल का ते विचार. चेक न वटण्याच्या केसची धमकी देऊन मुलांकडून हप्ते वसूल करतात. अशी धमकी आली तर घाबरून पैसे भरण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी कुणी ओळखीचा वकील असेल त्याला गाठ.

आता तुझे चौदा महिने. प्रश्नाच्या शेवटी तू जाताजाता लिहिलंस की रोजचा रिजेक्शन रिपोर्ट (नापास झालेल्या पार्टांचा अहवाल) सुपरवायझर हातानं करायचा, दीड तास लागायचा, तू एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिलास आणि तो पाच मिनिटांत व्हायला लागला, 'पण ते काय आयटी नव्हे'. अरे, तेच आयटी आहे. अडचण कुणाची होती हे तू बघितलंस, माहिती कुठून येते हे समजून घेतलंस, प्रोग्रॅम लिहिलास, आणि लोकांनी तो रोज वापरला. तीन वर्षं अनुभव असलेल्या कित्येकांना आपलं काम शेवटी कोण वापरतं हे ठाऊक नसतं. रेझ्युमेत ते असं लिही : 'तीन शिफ्टच्या रिजेक्शन नोंदी एकत्र करून दोष-प्रकारानुसार अहवाल देणारा व्हीबीए मॅक्रो तयार केला. अहवालाचा वेळ दीड तासावरून पाच मिनिटांवर.' मी मॅनेजर असते तर या ओळीवर तुला वीस मिनिटं विचारलं असतं, आणि तू न अडखळता बोलला असतास.

पुढचं काम : तोच रिपोर्ट आता जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये, छोट्या डेटाबेसवर पुन्हा बांध. कंपनीचा खरा डेटा, पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव काही वापरू नकोस, आकडे स्वतः तयार कर. क्लासमधल्या सगळ्या मुलांच्या रेझ्युमेत तोच एक शॉपिंग कार्टचा प्रोजेक्ट असतो, आणि पॅनलवाले तो बघून बघून कंटाळलेले असतात. तुझा वेगळा उठून दिसेल, कारण लेथवरून आलेला पार्ट रिजेक्ट का होतो हे तुला माहीत आहे.

अर्ज टाकण्याची जागाही बदल. 'जावा डेव्हलपर, दोन ते चार वर्षं' यावर हजार अर्ज येतात. पुण्याच्या भोवती चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी आहे. कारखान्यांना ईआरपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र सांभाळणारी प्रणाली), उत्पादन-नियंत्रण, क्वालिटीची सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या लहान-मध्यम कंपन्या इथे पुष्कळ आहेत. त्यांना शॉपफ्लोअरवर बिचकणार नाही असा आणि थोडं कोडिंग येणारा माणूस हवा असतो, आणि तो सहज मिळत नाही. पदाचं नाव 'इम्प्लिमेंटेशन इंजिनियर' किंवा 'ॲप्लिकेशन सपोर्ट' असेल. पगार सुरुवातीला तीन-साडेतीन लाख, म्हणजे रूममेटच्या निम्म्याहून कमी, आणि ते तुला बोचेल. तिथली दोन वर्षं झाली की टाटा टेक्नॉलॉजीज, केपीआयटी यांसारख्या, गाड्या आणि यंत्रांशी संबंधित सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांचा विचार करता येतो. नोकरीची खात्री मी देऊ शकत नाही. माझ्या ओळखीत या वाटेनं गेलेल्यांना कुणाला तीन महिने लागले, कुणाला दहा. घरची गरज तेवढी थांबू शकत नसेल तर मधल्या काळात भोसरीतच पुन्हा क्वालिटीचं काम धरून संध्याकाळी अभ्यास करणं, यात मला काहीही कमीपणा दिसत नाही.

आठ महिन्यांची गॅप सरळ सांग : 'काम सोडून पूर्णवेळ शिकलो.' गॅपमुळे रिपोर्टवर लाल शेरा येत नाही.

वाचणाऱ्या आणखी दोन प्रकारच्या मुलांसाठी थोडं. ज्यांनी खरंच काम केलं, पण पगार रोखीत मिळाला किंवा कंपनी बंद पडली, त्यांनी स्वतःला बनावट समजू नये. जुने ईमेल, कामाचे मेसेज, बँकेत भरलेली रोकड, तेव्हाच्या वरिष्ठाचा नंबर हे सगळं गोळा करून फॉर्म भरतानाच 'कागद अपुरे आहेत' असं लिहून द्या. आधी सांगितलेलं बहुतेक वेळा निभावतं. आणि जे खोट्या कागदांवर आधीच लागले आहेत, त्यांना सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर माझ्याकडे नाही. निदान पुढच्या नोकरीला तेच कागद पुन्हा देऊ नका, आणि कंपनीनं लेखी खुलासा मागितला तर वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर लिहू नका.

तुझ्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच. कंत्राटदाराच्या ऑफिसात जाऊन अनुभवपत्र माग. हुद्दा, लागल्याची आणि सोडल्याची तारीख, शिक्का, सही. तिथला माणूस 'उद्या ये' म्हणेल, उद्या जा. मग पीएफच्या सदस्य पोर्टलवर तुझी सोडल्याची तारीख लागली आहे का बघ. कंत्राटदार ती भरायला हमखास विसरतात, आणि मग तू अजून तिथेच नोकरीला आहेस असं दिसतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले असतील तर 'मार्क एक्झिट'मध्ये जाऊन आधारच्या ओटीपीवर ती तारीख तुला स्वतःला भरता येते. अनुभवपत्रावर असेल तीच तारीख तिथे घाल. आणि आज रात्री वडिलांना फोन करून सांग की सोसायटीच्या कर्जाचा अर्ज भरू नका.